बीमवर उमटलेलं कुंकू

कारेलीबागेतल्या त्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर चपलांचा असा ढीग पडला होता, की लिफ्टचं दार लागेना. आत हार्दिकभाईंच्या विकायला काढलेल्या फ्लॅटमध्ये सिंदूरानंद महाराज प्लास्टिकच्या स्टुलावर चढून उभे होते. महाराजांचा देह पाहता स्टूल अजून शाबूत आहे, हाच खरा चमत्कार, असं दाराशी उभ्या असलेल्या मंदाकिनीबाईंना वाटलं.

मंदाकिनीबाईंनी दांडिया बाजारातल्या शाळेत उभी हयात रसायनशास्त्र शिकवलं होतं. हा फ्लॅट त्यांचे धाकटे भाऊ जयवंतराव घेणार होते आणि बानाखत, म्हणजे विसाराचा करार, त्याच सकाळी व्हायचा होता. आता बडोद्यात घरांची काही टंचाई नव्हती. विकणारेही होते, घेणारेही होते, दोघांनाही विचार करायला सवड होती. अशा बाजारात घेणाऱ्याने इंजिनिअर आणून घर तपासून घेतो म्हटलं, तर विकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. मंदाकिनीबाईंनी हेच भावाला सांगितलं होतं. त्यांची जुनी विद्यार्थिनी स्नेहल हेच काम करते, तेही सुचवलं होतं. पण जयवंतराव पडले सरळ माणूस. दुसऱ्याच्या घरात हातोडी घेऊन शिरायचं म्हणजे त्यांना असभ्यपणा वाटे. महाराजांना हळद घेऊन शिरू द्यायला मात्र त्यांची हरकत नव्हती.

"पहा, भक्तजन हो," महाराज म्हणाले. मराठी गिऱ्हाईक आलं की ते मराठीत उतरत. "तीन भिंतींना मी ओली हळद लावली. पिवळी ती पिवळीच राहिली. माताजी तिथे नाहीत. आता हा बीम बघा."

त्यांनी कोपऱ्यातल्या बीमवर हळदीचा हात फिरवला. बघता बघता पिवळ्याचं तांबडं झालं. बायकांनी हात जोडले. कोणीतरी आरती सुरू केली आणि दुसरं कडवं येत नसल्यामुळे पहिलंच पुन्हा म्हटलं.

"कुंकू उमटलं," महाराज डोळे मिटून म्हणाले. "माताजी राजी आहेत. इथे देवघर करायचं, ने त्याच्याखाली घरातली सौथी नानी दीकरी झोपवायची. मा तिला खोळामां, आपल्या मांडीवर, राखशे. अने हां, ज्या घरात कुंकू उमटलं तिथे हातोडीवाला आणू नये. मा नाराज थाय."

जयवंतरावांचे डोळे भरून आले. घरातली सगळ्यात लहान म्हणजे त्यांची नात इरा. तिची आई कामावर जाणार होती, म्हणून इरा आजोबांजवळच राहणार होती. "इराचा पाळणा इथेच लावू," ते बायकोला, कुसुमावतींना म्हणाले.

पाळण्याचं नाव निघालं आणि मंदाकिनीबाईंचा संयम संपला. त्या कोपऱ्यात गेल्या आणि मान वर करून बीमकडे पाहत राहिल्या. सगळ्या घराला चकचकीत ऑइल पेंट होता. बीमवर तेवढा एक चौकोन पांढरा, रंग न दिलेला.

"महाराज, इथेच रंग का नाही?"

"माताजीची जागा कोरी ठेवायची असते, बेन."

"हो का? कुसुम, स्वयंपाकघरातून लिंबू आण."

महाराज उतरलेल्या स्टुलावर चढायला मंदाकिनीबाईंचे गुडघे कुरकुरले, पण चढल्या. तांबड्या डागावर लिंबू पिळलं. डाग परत पिवळा झाला. आरती थांबली.

"गेल्या वाटतं माताजी," त्या म्हणाल्या. "लिंबाला घाबरणारी देवी मी पहिल्यांदाच पाहिली. हळदीच्या डागावर साबण लावला की तो तांबडा होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हळद क्षाराला लागली की तांबडी, आंबटाने परत पिवळी. तुमच्या ऑइल पेंटला क्षार नाही. या पांढऱ्या सिमेंटच्या ताज्या पुट्टीला आहे. म्हणजे महाराज, तुम्ही आम्हाला दाखवलंत ते एवढंच, की घरात नवीन मलमपट्टी नेमकी कुठे केली आहे. आता मलमाखाली जखम काय आहे ते बघू. स्नेहल, ये गं आत."

मंदाकिनीबाई स्टुलावरून उतरल्या, आणि त्यांच्या सांगण्यावरून दाराबाहेर थांबलेली स्नेहल आत आली. "मागे सरका सगळे," ती म्हणाली, आणि लांब दांड्याच्या हातोडीने तिने बीमवर ठोकलं. बद्द आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला पुट्टी, तिच्यामागचं प्लास्टर आणि काँक्रीटचं पाटाएवढं ढेकूळ खाली आदळलं. जिथे पाळणा लागायचा होता तिथली फरशी फुटली. वर गंजून सोललेल्या सळया दिसत होत्या. वरच्या बाथरूमचं पाणी किती वर्षं मुरत होतं कोण जाणे.

महाराज गर्दीत मागे मागे सरकत दारापर्यंत पोचले होते. त्यांना कोणी अडवलं नाही. लोक वेगळ्याच माणसावर चिडले होते.

"मासी, धीमे बोलो ने," शेजारचे कुशलभाई मंदाकिनीबाईंना म्हणाले. "आमाला पण फ्लॅट विकायचा आहे. आख्ख्या बिल्डिंगचा भाव पाडशो तमे."

जयवंतराव फुटक्या फरशीकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली ती घरमालक हार्दिककडे.

"तुम्हाला माहीत होतं?"

हार्दिक खाली बघून म्हणाला, "काका, मी घेतला तेव्हा याच महाराजने कुंकू उमटवलं होतं. ह्याच जागी. घरात लहान कोणी नव्हतं, तर म्हणाले मोठ्यांना झोपवा. माझ्या बाला, आईला, झोपवलं."

"मग?"

"मग काय. सळयांवर पुट्टी मारली, ने बाच्या तेराव्याला आलेल्या लोकांना हार्ट अटॅक सांगितला. खरं सांगितलं असतं तर फ्लॅट घेतला असता कोणी?"

मग जयवंतराव अगदी हळू म्हणाले, "माझी इरा झोपली असती हो इथे."

"हां," हार्दिक म्हणाला. "ते मला ठाऊक होतं."

मंदाकिनीबाई पुढे आल्या. त्यांना राग यायला हवा होता, पण आधी शिसारी आली. त्या फार मोठ्याने बोलल्या नाहीत. "देवाला नमस्कार करायला कोणाची ना नाही. पण घर घेताना आधी बीम ठोकून बघा, पाणी कुठे मुरतं ते बघा, आणि बघू न देणाऱ्याचं घर सोडून द्या. घरं पुष्कळ आहेत. तपासायला शरम कसली वाटते तुम्हाला? मेलेल्या म्हातारीवर पुट्टी मारून घर विकताना यांना वाटली का?"

खाली फाटकाशी महाराज रिक्षा शोधत होते. कुशलभाई धावत जिना उतरले आणि त्यांना गाठून म्हणाले, "रविवारी आमच्याकडे याल ना?"