बिनपोटाचं विमान

दिगंबररावांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मुलाने, आमोदने, विमानाचा केक मागवला. बाबा उभा जन्म ज्या विमानापायी झुरले, तेच विमान! विश्रांतवाडीच्या त्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. दिगंबररावांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

केकला लांबुडकं पोट होतं आणि मागे शेपटी. त्यांच्या विमानाला यातलं काहीच नव्हतं. नुसता एक अवाढव्य पंख आणि त्याच्याच आत हजार उतारू, हीच तर सगळी गंमत होती. 'एवढं बांधणार कोण' म्हणून विमानं बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीने त्यांचा तो आराखडा बासनात गुंडाळला, त्यालाही तीस वर्षं झाली. आपल्यामागे निदान घरातल्या एकाला तरी ते विमान कळलेलं असावं, एवढीच आता त्यांची इच्छा होती. म्हणून आज नकाशांची गुंडाळी आमोदच्या हाती सोपवायला ते सोबत घेऊन आले होते.

"याला पोट कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे? विमानाला असतंच की, बाबा!"

"नाहीतर माणसं बसणार कुठे?" सून सुरुची हसली.

"पंखात." उत्तर आलं ते वाढप्यांना सूचना देत उभ्या असलेल्या वासंतीबाईंकडून. "आणि विमान वळलं की कडेची माणसं पाळण्यात बसल्यासारखी खालीवर होणार. त्यावर यांना शेवटपर्यंत तोडगा सापडला नाही."

दिगंबरराव बायकोकडे बघतच राहिले. ही खोट त्यांनी साहेबांपासूनसुद्धा लपवली होती.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगतंय कोण! जेवणाच्या टेबलावर पसरलेले असायचे तुमचे कागद. पानं घ्यायच्या आधी मीच उचलायचे. शाळेत गणित शिकवायचे हो मी, विसरलात?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते एकदा. आमटीत मीठ कमी आहे म्हणालात."

सगळा हॉल हसला. दिगंबररावांना आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. त्यांनी गुंडाळी तिच्यापुढे धरली.

"तू ठेव हे."

"आता कशाला?" वासंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "आमोदसाठी आणलंयत ना, त्यालाच द्या. मला दुसरी पंगत बसवायची आहे."

त्या गेल्या. आमोदने "थँक्स, बाबा" म्हणत गुंडाळी काखोटीला मारली आणि त्यांच्या हातात केक कापायची सुरी दिली.