सहीपुढचा मासा

डॉक्टर अरिस्तिदेस तिसऱ्यांदा टेबलावर मूठ आपटणार, एवढ्यात ओदालीसने आपला कप मांडीवर ओढून घेतला आणि त्यावर हात झाकला. उपयोग झाला नाही. दुधाच्या कॉफीत पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या नूबियाने स्वतःच्या कपात डोकावून सुस्कारा सोडला.

"ह्याला चिडायचंच होतं तर काळी कॉफी तरी ठेवायची," ती पुटपुटली.

अरिस्तिदेस चिडला की दहा पावलांच्या आतलं दूध नासायचं. ही त्याची सिद्धी. पुएर्तो मान्सो गावात कुणाच्या वाट्याला कुठली सिद्धी येईल ह्याचा नेम नव्हता, आणि आवडली नाही म्हणून ती परतही करता येत नव्हती. त्याचं औषधांचं दुकान होतं म्हणून सगळा गाव त्याला डॉक्टर म्हणायचा. गेली तीन वर्षं तो शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष होता. म्हणजेच गेली तीन वर्षं समितीला धड कॉफी मिळाली नव्हती.

"पहिलीच्या वर्गात कुणीतरी शिरतंय," डॉक्टर म्हणाला. "न दिसणारं. तेही रोज! खडू नाहीसे होतात. शेवटचं बाक आपोआप करकरतं. आणि परवा..." त्याने मूठ पुन्हा उगारली. "परवा त्याने माझ्या मुलाचं नाक पुसलं!"

मागून कुणीतरी खुसखुसलं.

"चांगलं जोरात पुसलं. अजून लाल आहे."

ओदालीसने नजर कपात घातली. काय करणार? पोराचा शेंबूड पार ओठांवर आला होता आणि पोर तो आत ओढायच्या बेतात होतं. तिला राहवलंच नव्हतं.

खरं तर शाळेतल्या सुरक्षेवरून सगळ्यात जास्त कटकट करणारी पालक तीच. तिची भीती खोटी नव्हती. पहिला दुधाचा दात पडतो त्याच घटकेला माणसाला सिद्धी मिळते, आणि दुधाचे दात पडतात ते पहिलीत. म्हणजे अख्ख्या शाळेत सगळ्यात धोक्याचा वर्ग पहिलीचाच. दाराशी एक वाळूची बादली, एक पाण्याची. भिंतीवर ज्यांचे दात हलायला लागलेत त्यांची यादी. दात हलला की हात वर करायचा, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. एवढं करूनही गेल्या वर्षी एका पोराचा दात पडला, पाठोपाठ त्याला शिंक आली, आणि छपराचा पत्रा उडून चर्चच्या आंब्यावर जाऊन बसला. कुणाला खरचटलंही नाही. पण तेव्हापासून ओदालीसला चैन नव्हतं. लुसेरो तिची एकुलती एक. तिचा खालचा पुढचा दात ईस्टरपासून हलत होता.

म्हणून मग ओदालीस पहाटे धक्क्यावर मक्याच्या पिठाचे तळलेले अरेपा विकायची, आठला लेकीला शाळेच्या दारात सोडायची, पाण्याच्या टाकीमागे जायची आणि कपड्यांसकट दिसेनाशी होऊन शेवटच्या बाकावर येऊन बसायची. लेकीचा दात पडेल तेव्हा आपण जवळ असायला हवं, बस, एवढंच तिला हवं होतं. ती अशी गायब होते हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. न दिसणाऱ्या माणसांचं कसं असतं, कुणाची कोंबडी हरवली तरी पहिलं नाव त्यांचंच निघतं. तेव्हा विचारणाऱ्याला ती सांगायची की आपल्याला उकळत्या तेलाचा चटका बसत नाही. हातावरचे डाग झाकायला तिने लांब बाह्यांचे झगे शिवून घेतले होते.

"उपाय सोपा आहे," डॉक्टर म्हणाला. "सोमवारपासून वर्गभर मक्याचं पीठ पसरायचं. पाऊल उमटलं रे उमटलं की धरायचा. आता पीठ कोण देणार?"

सगळ्यांच्या माना ओदालीसकडे वळल्या. गावात मक्याचं पीठ तिच्याइतकं कुणाकडे असणार?

"किती लागेल?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक निघाला.

"पंचवीस किलो पुरे. आणि पसरायलाही तुम्हीच या. तुमचा हात बसलेला आहे."

"म्हणजे सापळा मीच लावायचा?"

"मग! लेकीसाठी एवढं नाही करणार?"

ती हो म्हणाली. खिडकीपाशी पहिलीच्या शिक्षिका उबाल्दिना वह्या तपासत बसल्या होत्या. मुलं त्यांना 'सेन्यो', म्हणजे बाई, म्हणायची, आणि पुढे मुलांची मुलं झाली तरी सेन्योच म्हणायची. त्यांचे दुधाचे सगळे दात रीतसर पडले होते, पण सिद्धी म्हणून काही आली नव्हती. बहुतेक म्हणूनच त्यांना पहिलीचा वर्ग दिला होता. ओदालीस हो म्हणाली तसं त्यांनी वहीचं पान उलटलं.

ठरावाचा कागद सह्यांसाठी फिरायला लागला. ओदालीसच्या डोक्यात मात्र सोमवार घोळत होता. पिठावर पाऊल न उमटवता शेवटच्या बाकापर्यंत कसं जायचं? आणि नाही गेलं, आणि नेमका त्याच दिवशी दात पडला तर? आणि दात तर पडणारच, पण त्यानंतर? आपण त्या बाकावर आणखी कशासाठी जातो हे तिने स्वतःलाही कधी मोकळेपणी सांगितलं नव्हतं.

नदीच्या वरच्या अंगाला तिचं माहेर. तिथल्या शाळेत ती पहिलीत असताना दुसऱ्याच आठवड्यात तिचा दात पडला, आणि ती दिसेनाशी झाली. पुन्हा दिसायचं कसं हे काही केल्या तिला जमेना. मास्तर रोज नाव पुकारायचे, ती रोज 'हजर' म्हणून ओरडायची, आणि मास्तर आवाजाच्या दिशेने बघून गैरहजेरी मांडायचे. महिन्याभराने त्यांनी तिचं नाव कमी केलं; पुन्हा दिसायला तिला जमलं ते त्यानंतर. ह्या गोष्टीचं तिला अजून वाईट वाटायचं.

डॉक्टरने कागद तिच्यापुढे सरकवला आणि सवयीने शाईचा पॅडही. गेल्या सभेत तिने अंगठाच उठवला होता. पण ओदालीसचं लक्षच नव्हतं. तिने पेन उचललं, जीभ दातांत धरली आणि एकेक गोलाई पुरी करत आपलं नाव लिहिलं. शेवटी, रोजची सवय म्हणून, नावापुढे एक छोटासा मासा काढला.

मासा काढून झाल्यावर आपण काय केलं ते तिला कळलं.

हा मासा सेन्योंचा. खेळायला पळायच्या घाईत पोरं नावातली शेवटची अक्षरं गाळायची, म्हणून त्यांनी काढलेला नियम: नाव पुरं झालं की मासा, मासा नाही तर सुट्टी नाही. हा मासा फक्त ह्या गावात, फक्त पहिलीत काढतात. दुसरीत गेलं की सोडून देतात. समोर बसलेल्या प्रत्येकाने लहानपणी तो शेकडो वेळा काढलेला होता. डॉक्टरनेही. ओदालीस मात्र ह्या शाळेत कधी शिकलीच नव्हती.

"अगं, तुला सही येते?" नूबिया वाकून बघायला लागली. "कधीपासून?"

"द्या तो कागद इकडे," सेन्यो उठून म्हणाल्या.

त्यांनी कागद उचलून उजेडात धरला आणि जरा वेळ बघितला. मग डॉक्टरला दाखवायला पुढे केला तेव्हा त्यांचा अंगठा बरोबर माशावर होता.

"सह्या झाल्या. पण पिठाचं मला पटत नाही, डॉक्टर. पोरं घसरतील, आणि मुंग्या येतील त्या वेगळ्या."

"मग त्या चोराला असंच मोकळं सोडायचं?"

"राखण ठेवा. शेवटच्या बाकावर रोज कुणीतरी मोठं माणूस बसू दे. ओदालीसबाई बसतील. आठपर्यंत त्यांचे अरेपा संपलेले असतात."

"त्या?" डॉक्टरने ओदालीसला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "तेलाचा चटका बसत नाही, एवढ्यावर त्या चोर पकडणार?"

"मला तर तेवढंही येत नाही. तरी तुम्ही माझ्याच वर्गातून शिकून गेलात."

"आणि तो येऊन त्याच बाकावर बसला तर?"

"तर दोघं सरकून बसतील. बाक लांब आहे."

सभा हसली. डॉक्टरलाही हसू आवरलं नाही, आणि नूबियाने घाईघाईने दूर ठेवलेल्या किटलीतली ताजी कॉफी ओतून घेतली. ठराव बदलला. ओदालीस मात्र उठेना. सगळे गेल्यावर सेन्योंनी तो कागद पुन्हा तिच्यापुढे ठेवला. अंगठा काढला.

"डोळा राहिला," त्या म्हणाल्या आणि पेन पुढे केलं.

ओदालीसने माशाला डोळा काढला.

"सेन्यो, मी..."

"सोमवारी वही घेऊन या. मला खडू पुरत नाहीत."

सोमवारी ओदालीस टाकीमागे न जाता सरळ दारातून वर्गात शिरली. अंगात नवा झगा, काखेत वही. एवढी धडधड तिला लग्नातही झाली नव्हती. लुसेरो तिच्या पुढे चालत होती. बाकाशी पोचल्यावर ती मागे वळून हळूच म्हणाली,

"आई, आता दिसतेयस, तर निदान कुणाचं नाक पुसू नकोस."

"तुला माहीत होतं?"

"तुझा वास येतो ना. सगळ्यांना दहा वाजताच भूक लागते."

सेन्योंनी हजेरी घेतली. शेवटच्या मुलाचं नाव झाल्यावरही त्यांनी वही मिटली नाही.

"ओदालीस."

मुलं खिदळली. ओदालीस उठून उभी राहिली. पंचवीस वर्षांनी का होईना, हा शब्द तिला एकदा नीट म्हणायचा होता.

"हजर!"

सेन्योंनी तिच्याकडे बघितलं आणि हजेरी मांडली.

मग फळ्यावर एक ओळ आली, 'होडी वाळूवर आहे', आणि ती पाच वेळा लिहायची होती. आजवर बाकावर बोटाने आणि कढईच्या बुडावर खडूने लिहिणाऱ्या ओदालीसला खरी वही आणि खरी पेन्सिल मिळाली होती. पहिल्या ओळीत होडी फार मोठी झाली. दुसरीत वाळू रेघेच्या खाली उतरली. तिसरीपासून हात बसला, आणि मग तिला आजूबाजूचं भान राहिलं नाही.

पुढच्या बाकावर कुणीतरी हात वर केला, ते तिला दिसलं नाही. वाळूची बादली फरशीवरून सरकली, ते ऐकू आलं नाही. अख्खा वर्ग माना वळवून एकीकडे बघत होता. सेन्योंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मग बादली होती तिथे परत ठेवून दिली.

कुणीतरी तिच्या बाकाजवळ आलं.

"आई."

"थांब गं, एवढी ओळ होऊ दे."

लुसेरो थांबली. एका मुठीत दात होता. दुसऱ्या हाताने तिने बाकाची कड घट्ट धरली होती, कारण तिचे पाय फरशीपासून वीतभर वर तरंगत होते. ओदालीसने शेवटचं अक्षर पुरं केलं आणि मासा काढायला घेतला.