आमच्या चुलीचे घोडे

त्या मंगळवारी बिजागऱ्यांची पेटी द्यायला मी रिबेरॉलच्या दुकानात गेले, आणि काचेआड माझ्या बापाचे घोडे दिसले.

घोडे म्हणजे चुलीचे. जळते ओंडके ज्यांच्या पाठीवर आडवे टेकवायचे, ते लोखंडी घोडे. पुढे दोन पाय, मागे एक. पुढच्या पायांवर कमरेएवढी उंच मान, आणि मानेच्या टोकाला वाटीसारखी जाळी. आमच्या शाँतलूब गावात चूल म्हणजे भिंतीतली लहानशी खोलीच. म्हातारी माणसं आत बाकावर जाऊन बसतात, आणि सुपाचा वाडगा त्या जाळीत ठेवला की शेवटच्या घोटापर्यंत गरम राहतो.

दुकानात घोडे लाल मखमलीवर उभे होते. भोवती उंच पाठीच्या टोकदार खुर्च्या, संतांची चित्रं कोरलेल्या पेट्या, जाड मेणबत्त्यांची झाडं. निम्मं सामान खालच्या आळीतल्या सुतारानं गेल्या हिवाळ्यात केलेलं, आणि त्यावरच्या बिजागऱ्या मी बाबांच्या भट्टीत घडवलेल्या. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. त्यांच्या चिठ्ठीवर ‘जुन्या धाटणीचं’ असं खरं लिहिलेलं असायचं. घोड्यांच्या चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं: ‘पंधरावं शतक. डोंगरातल्या मठातून. डाव्याची मान झुकलेली आहे, ती भिक्षूंच्या नम्रतेची खूण.’

मी हसले. मग चिठ्ठी पुन्हा वाचली.

“मस्यू रिबेरॉल, हे घोडे माझ्या बाबांनी केलेत. एकोणीसशे तेरा सालात. लग्नाच्या आधी.”

रिबेरॉल चष्मा पुसत होता. माणूस गोड बोलणारा. शेळीला विकताना शेळीचीच माफी मागेल असा. “नोएली, कुणाच्या घरून काय आलं ते मला आता आठवत नाही. ट्रकभर सामान येतं.”

“मला आठवतं. मीच दिलं.”

खरंच मीच दिलं होतं. चार वर्षांपूर्वी त्याचा ट्रक गावोगाव फिरत होता. जुनं लाकूड, जुनं लोखंड द्या आणि शहरातलं गुळगुळीत टेबल घ्या. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी नुकतीच पांढरी शेगडी आणली होती आणि चुलीच्या तोंडावर फळ्या ठोकल्या होत्या. घोडे अंगणात पडले होते. मी ते ट्रकमध्ये चढवले आणि पिवळं टेबल उतरवून घेतलं. शेजारणीनंही तेच केलं, तिच्या शेजारणीनंही. त्या वर्षी अख्खं गाव पिवळ्या टेबलांवर जेवलं. बाबा रानातून लाकडाची मोळी घेऊन आले, टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, “पुसायला सोपं आहे.” बस, एवढंच.

“लिहिलंय ते बदला,” मी म्हटलं. “लिहा, आंसेल्म शासँ, लोहार, शाँतलूब.”

“पुरावा? कुठे शिक्का आहे त्याचा?”

शिक्का नव्हता. आमच्याकडे पावाच्या गोळ्यावर खूण करतात, कारण गावाची पाव भाजायची भट्टी एकच, आणि कुणाचा पाव कुणाचा ते कळायला हवं. विकायच्या कोयत्यावर, कुदळीवर लोहार शिक्का मारतो. पण घरच्या चुलीच्या वस्तूवर नाव घालणं म्हणजे आपल्याच बायकोला आपली ओळख सांगणं. तसं कुणी करत नाही.

“झुकलेली मान,” मी म्हटलं. “तो भिक्षू-बिक्षू कुणी नाही. त्याचा मागचा पाय दीड बोट लांब आहे. आमच्या चुलीचा दगड डाव्या अंगाला मागे खचलाय, म्हणून. आमच्या घरी तो ताठ उभा असतो.”

“पाचशे वर्षांत बाकीचे पाय झिजले असतील.”

“पाच पाय झिजले, सगळे सारखेच, आणि सहावा तेवढा ब्रह्मचारी राहिला?”

तेव्हा पाठीमागून कुणीतरी खुदकन हसलं. खुर्च्यांच्या रांगेत करड्या कोटातली एक बाई उभी होती. लियोनच्या मादाम ब्रिसोल. तिनं नदीकाठचा जुना बुरूज घेतला होता, आणि तो आतून चारशे-पाचशे वर्षांपूर्वीसारखा सजवायचा म्हणून ती महिनाभर रिबेरॉलकडे फेऱ्या मारत होती. हे घोडे तिच्यासाठीच राखून ठेवलेले.

“मस्यू,” ती म्हणाली, “या बाईंची चूल कुठे आहे?”

“मादाम, हिच्या चुलीत गेली चार वर्षं कोळी राहतात.”

“कोळ्यांना आपण त्रास देणार नाही. उद्या घोडे गाडीत घाला. मी पाहिल्याशिवाय घेणार नाही.”

रिबेरॉल मला दारापर्यंत सोडायला आला, आवाज मधात बुडवून. “नोएली, तुझ्या बिजागऱ्या माझ्याखेरीज कोण घेतो? विचार कर.”

“केला,” मी म्हटलं. “उद्या येताना टेकडीवर सावकाश या. रस्ता घोड्यांच्या ओळखीचा आहे, तुमच्या नाही.”

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते टेबलाशी बसून शेंगदाण्याएवढे कांदे सोलत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, हाताला कंप. ऐकून म्हणाले, “पंधरावं शतक? मला वाटलं होतं मी म्हातारा झालोय, पण इतका?”

“बाबा, हसण्यावारी नेऊ नका.”

“मग काय करू? मठातले म्हणतात, हे चांगलंच की. माझं लोखंड पाचशे वर्षांचं दिसतं, यापेक्षा मोठं कौतुक कुणी करायचं?”

मग त्यांनी सुरी ठेवली. “फक्त,” ते म्हणाले, “ते भिक्षूंनी केले असतील, तर तेरा सालच्या त्या वसंतात मी काय करत होतो, पोरी?”

मी पहार घेतली आणि चुलीवरच्या फळ्या उखडायला लागले.

आई त्या चुलीशी जाळ घालताना एक ओवी म्हणायची. फळ्यांचे खिळे निघताना ती माझ्या तोंडात आली, ताल धरून:

लोखंडाच्या माझ्या घोड्या, जाळ तुझ्या पाठीवरी,
चारा तुला ओंडक्यांचा, ऊब माझ्या घरादारी.

बाबांनी दुसरी ओळ माझ्याबरोबर म्हटली. आवाज नव्हता, नुसते ओठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. रिबेरॉलनं आणि मी मिळून दोन्ही घोडे स्वयंपाकघरात आणून ठेवले. सपाट फरशीवर डावा पुन्हा मान घालून उभा. “बघा मादाम,” तो म्हणाला, “नम्रता.”

“नम्रता नाही, ताटकळलाय,” बाबा म्हणाले. “घरी आल्यावर आत बोलवायचं असतं.”

मी उजवा आत नेला, जागेवर ठेवला. तो सरळ. मग डावा उचलला. मागचा पाय काळ्या दगडाच्या खळग्याकडे सरकवला आणि हात काढून घेतला. लोखंडाचा एकच जाड आवाज झाला, जुनी माणसं खुर्चीत बसताना करतात तसा, आणि मान वर आली. मादाम ब्रिसोल वाकून चुलीत शिरली. कोटाला काजळी लागली, तिला फिकीर नव्हती. बाबांनी खिशातून ओळंबा काढून तिच्या हातात दिला. तिनं तो मानेच्या टोकापासून सोडला. दोरी लोखंडाला चिकटून खाली आली, मध्ये केसाएवढीही फट नाही.

“अशी खचलेली चूल मठातही असेल,” रिबेरॉल म्हणाला.

“असेल,” बाबा म्हणाले. “पण भिक्षूंना माझ्या आईच्या वाडग्याचं माप कुणी सांगितलं असेल? उजवी जाळी डावीपेक्षा मोठी आहे ना, मस्यू? तिला भूक जास्त होती.”

मादाम हसली आणि लगेच गंभीर झाली. माणूस नुकसान मोजताना होतो तशी. “मला पटलं,” ती म्हणाली. “हे तुम्हीच केलेत. फार देखणे आहेत. पण मस्यू, आता मी हे नेऊन काय करू? माझ्याकडे लोक येतील, विचारतील.”

“झालं समाधान?” रिबेरॉल माझ्याकडे वळला. आता आवाजात मध नव्हता. “तुझ्या बापाचं नाव घेतलंस आणि मालाचं भंगार केलंस. गाडीत घालतो. पॅरिसला विचारणारं कुणी नाही, तिथे ते पुन्हा पंधराव्या शतकात जातील. आणि तुझी एक बिजागरी यापुढे माझ्या दारात नको.”

तो उजव्या घोड्याला हात घालेपर्यंत मी डावा खांद्यावर घेतला आणि मागच्या दारानं आमच्या लोहारभट्टीत गेले.

कोळसा सकाळपासून धगधगत होता. भाता ओढला. घोड्याचा मागचा पाय निखाऱ्यात खुपसला. रिबेरॉल धावत आला आणि उंबऱ्यावर थबकला. लोखंड तापलेलं असताना बाहेरच्यानं भट्टीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक असतं, आणि तोही शेवटी याच डोंगरातला. “माल माझा आहे,” तो दारातून म्हणत राहिला. “नोएली, माल माझा आहे.”

“तुमचाच आहे,” मी म्हटलं. “घेऊन जाल ना. थोडा गरम आहे, एवढंच.”

बाबा माझ्यामागून आले. त्यांनी कातड्याचा एप्रन बांधला नाही, सदऱ्याच्या बाह्या मात्र वर केल्या. भिंतीवरून छिन्नी काढली.

“हात थरथरतोय,” मी हळूच म्हटलं.

“छिन्नी मी धरतो. घाव तू घाल. नाव माझं, जोर तुझा.”

पाय संत्र्याच्या रंगाचा झाला तेव्हा ऐरणीवर घेतला. बाबांनी छिन्नी टेकवली आणि हाताचा कंप थांबला. का ते मला माहीत नाही. मी घाव घातला. पहिलं अक्षर. मग दुसरं. लोखंड काळवंडलं की पुन्हा निखाऱ्यात, पुन्हा भाता. तीन वेळा तापवलं. खाली वर्ष घातलं, तेरा. अक्षरं काही सुबक आली नाहीत. शाळेत बाबा दोनच हिवाळे गेलेले. पण ती खोल आली, नांगराच्या तासासारखी.

पाण्यात बुडवून, वाफ विरल्यावर बाबांनी घोडा स्वतः उचलून उंबऱ्यावर ठेवला, रिबेरॉलच्या बुटापाशी.

“घ्या,” ते म्हणाले. “आता विका.”

रिबेरॉल अक्षरांवर बोट फिरवत बसला. “कानस मारली की जाईल हे.”

“मारा की. पण अक्षरं जातील तेव्हा निम्मा पाय झिजून गेलेला असेल. मग ओंडके टाकल्यावर हा खरंच लवून नमस्कार करील. तेव्हा गिऱ्हाइकाला सांगा, भिक्षू.”

मादाम अंगणात उभी राहून सगळं पाहत होती. ती जवळ आली, हातमोजा काढून तिनं नाव वाचलं. “मस्यू शासँ,” ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं, “रागावू नका. मला पाचशे वर्षं जुनं काहीतरी हवं होतं.”

“मग थांबावं लागेल, बाई,” बाबा म्हणाले. “पन्नास झालीत. लोखंड कुठे जात नाही.”

गाडीत घोडे चढवायला आम्हीच हात दिला. रिबेरॉल एकट्यानं उचलू शकला नसता, आणि आम्हाला ते लोखंड फरपटत नेलेलं पाहवलं नसतं. मी डाव्याच्या मागच्या पायाखाली गोणपाट घातलं. गाडी टेकडी उतरू लागली तशी बाबांनी बाह्या खाली केल्या, बटणं लावली.

“दुकानात काय लिहील तो?” त्यांनी विचारलं.

“काहीही लिहू दे. खाली वाकून पाहणाऱ्याला कळेल.”

“कोण वाकतं हल्ली?”

“चुलीत लाकूड सारायचं तर वाकावंच लागतं, बाबा.”

त्यांनी मान हलवली, आणि भट्टीत परत जाऊन, न विचारता, भाता ओढायला लागले.