सगुणचा डाग

देवकीला आता उपायांचाच वीट आला होता. डिचोलीतलं जे माणूस भेटायला येई ते काहीतरी सुचवून जाई. कुणी गोमूत्र, कुणी कारल्याचा रस, कुणी कुठल्याशा देवाचा अंगारा. केमोनंतर तिला पेजेचा वाससुद्धा सहन होत नसे, आणि वर हे फुकटचे सल्ले ऐकायचे!

त्यातल्या त्यात लेकीचा उपाय तिने मुकाट्याने करून घेतला. मोपाच्या विमानतळावर नोकरी करणारी गौरवी चिनी उपचार जाणणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडून तो शिकून आली होती. वाळलेल्या नागदवण्याचा चुरा कागदात वळून केलेली जाड कांडी. तिला मोक्सा म्हणायचं. ती पेटवून गुडघ्याखाली, कातडीपासून जरा लांब धरायची आणि ऊब मुरू द्यायची. मळमळ पुरती जात नसे, पण वाटीभर पेज पोटात ठरे. देवकीला तेवढंही फार होतं.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. "औषधं मात्र चालूच राहतील. आणि भाजू देऊ नका. पांढऱ्या पेशी कमी आहेत. जखम झाली तर पुढचा केमो थांबवावा लागेल," असं त्यांनी बजावलं.

गौरवीची रजा संपली आणि कांडी सगुणच्या हातात आली. नवरा तसा गुणाचा. सुर्ल्याला खनिजाचा ट्रक हाकण्यात त्याची उमर गेली, आणि खाणी बंद पडल्यापासून तो घरी हात चोळत बसला होता. आता हातांना काम मिळालं होतं, तर ते सांगितलं तसं करावं की नाही? पण नाही! आपलं डोकं चालवल्याशिवाय चैन पडेल तर शपथ.

केमोच्या आदल्या दुपारी देवकी डोळे मिटून पडली होती. काहीतरी करपल्याचा वास आला. चुलीवर काही लागलं असेल म्हणून तिने डोळे उघडले, तर जळती कांडी तिच्याच नडगीला टेकलेली आणि सगुणने ती दात आवळून दाबून धरलेली.

"अहो! काय करतास ह्यां?"

"नुसत्या उबेन काय होता?" मनगटावरचा, आईने तापल्या सळईने दिलेला जुना व्रण दाखवत सगुण म्हणाला. "ल्हानपणी माका कावीळ झाली तेव्हा आवशीन मनगटाक डाग दिल्यान. तेनाच वाचलंय मी. डाग लागल्याशिवाय गुण येणा नाय."

तिने पाय ओढून घेतला. कातडी पांढरी पडली होती. पण दुखत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. औषधांनी पाय बधिर झालेत हे तिला ठाऊक होतं. ते इतके मेलेत हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टरारलेला फोड पाहिला आणि केमो पुढे ढकलला. जखम सुकेपर्यंत सुई नाही. आतली गाठ मात्र कुणासाठी थांबणार नव्हती, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

घरी येताच तिचा बांध फुटला. "ट्रक हाकताना असोच मनाक येयत तसो हाकलास काय? माका जगूचा हा हो! तुमच्या आवशीचो डाग माका कित्याक?"

सगुण जनेलाचे गज धरून मान खाली घालून उभा होता. "तू दिवसभर ओकतंस, आणि मी बघत रवतंय," तो म्हणाला. "माका वाटला, ह्या तरी जमात."

तिला त्याची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. तेवढ्यात पोटात पुन्हा ढवळलं. जखम सुकायची तर पोटात अन्न ठरायला हवं, आणि गौरवी तर ड्युटीवर.

"पेटवा," ती म्हणाली.

त्याने चाचरत कांडी पेटवली.

तिने चांगला पाय पुढे केला, त्याचा डावा हात ओढून दोन बोटं गुडघ्याखालच्या जागेच्या दोन बाजूंना ठेवली आणि तिथेच दाबून धरली.

"ह्या बोटांच्या मधी धरा. माका कळणा नाय. तुमका चटको बसलो, की काढा."

कांडी खाली आली. देवकी पायाकडे बघतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.