घोड्याचे दोन आणे

"शामू, हे काय बांधलंस रं जात्याला?" मनुबाईनं विचारलं.

"काटा हाय, मावशी. तू वड. तुझा जोर किती भरतो ते मोजतो."

खोलीतल्या बाकीच्या तिघी पदराआड हसल्या. तपकीर दळायच्या त्या खोलीत पदर एरवीही नाकातोंडावरून हलत नसे.

बेळगावात हरिभाऊंचा हा तपकिरीचा कारखाना. जाती आठ, आणि बायका उरल्या होत्या चार. बाकीच्या चौघी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत निघून गेल्या होत्या. त्यांच्यापुरतं काम विजेच्या मोटरीनं करावं, एवढाच हरिभाऊंचा बेत. उरलेल्या चौघींना काढायचं त्यांच्या मनातही नव्हतं. कोल्हापूरला मोटरींचं काम शिकून आलेल्या शामूला त्यांनी बोलावलं, तेही मनुबाईच्या शब्दावर. आईबापाविना राहिलेल्या शामूला जवळच्या कंग्राळी गावात तिनंच वाढवलं होतं.

"पाव घोड्याची मोटर पुरेल ना रे?" हरिभाऊंनी विचारलं होतं.

"मोजून सांगतो, मालक," शामू म्हणाला होता. पण पाव घोड्याची, म्हणजे पाव अश्वशक्तीची, मोटर त्याला खेळणं वाटे. आपल्या हातची पहिलीच मोटर, ती कशी दणदणीत हवी!

मनुबाईनं खुंटा धरला आणि काय विचारता! भाच्यानं घड्याळ हातात घेतलंय, मालक दारात उभे आहेत, मग ती मागं राहते होय? जातं असं गरगरलं की शेजारची जयाबाई दळायचं सोडून बघत राहिली. मनुबाईच्या मानेच्या शिरा तटतटल्या, श्वास लागला, तरी ती थांबेना.

शामूला ते दिसत होतं. दिवसभर असं कुणी ओढत नाही, हे त्याला कळत होतं. 'मावशी, रोजच्यासारखं वड,' एवढं वाक्य त्याच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं. काट्यावरचा आकडा त्याला हवा तसाच येत होता.

"मालक, अख्खा घोडा म्हंजे एक रुपया धरा," त्यानं हिशेब सांगितला. "मावशीचा जोर दोन आणे भरला. गेलेल्या चार बायकांचे झाले आठ आणे. पाव घोड्यात चारच आणे मिळणार. अर्धाच घ्यायला पायजे."

हरिभाऊंचा जन्म आण्यापैच्या हिशेबात गेलेला. त्यांना लगेच पटलं.

मोटर आली, पट्टा चढला, मोटरीवरचं नवं मोठं जातं फिरू लागलं. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत गेलेल्या चौघींच्या वाटचं दळण निघालं आणि दिवेलागणीला आठही जणींचं. हरिभाऊंनी शामूच्या पाठीवर थाप मारली. आठवडाभर त्यांनी हे रोज पाहिलं. मग त्यांनी चौघींना बोलावून महिन्याचा पुरा पगार हातावर ठेवला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

"मी तरी काय करू, शामू?" ते म्हणाले. "मोटर रिकामी ठेवून यांना दळायला लावू?"

जाता जाता जयाबाई मोटरीपाशी घटकाभर थांबली. "लई ग्वाड चालतंय रं तुझं यंत्र," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर शामूला बरं वाटलं असतं. मनुबाई तर काम गेलेलं असतानाही, शामूनं बेळगावात मोटर बसवली, असं कंग्राळीभर सांगत सुटली होती. तिचं ते कौतुक ऐकलं की त्याला घरात बसवत नसे.

एका संध्याकाळी ती घरच्या जात्यावर जोंधळे दळत होती. शामू समोर येऊन बसला आणि त्यानं खुंट्यावर तिच्या हाताच्या वर हात ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा. ती ओढत होती, तो नुसता धरून होता. चार फेऱ्यांतच त्याच्या तळव्याला कळलं. काटा लागला नाही, घड्याळ लागलं नाही. एक आणा. जेमतेम एक आणा.

"मावशी, कारखान्यात रोज अशीच वडायचीस?"

"मग? दिसभर वडायचं म्हंजे अशीच. न्हायतर दुपारीच आडवी झाले असते की."

"पाव घोड्यानं भागलं असतं गं," शामू म्हणाला. "गेलेल्या चौघींचं काम त्यात झालं असतं. तुम्ही चौघी ऱ्हायला असता."

जातं थांबलं.

"म्हंजे, त्या दिशी मी लई जोर लावला म्हणून?"

"तू न्हाय, मावशी. मला दिसत हुतं. मीच गप बसलो."

तिनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. "तुझं काम मालकाच्या डोळ्यात भरावं, असं वाटलं मला," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून हळूच म्हणाली, "जयीला सांगू नगंस हे. तिला वाटंल, मनीनं मुद्दाम वडलं."

शामूला बोलायचं होतं. तोवर तिनं मूठभर जोंधळे जात्यात घातले आणि खुंटा धरला. त्यानंही धरला आणि एकट्यानंच सगळं जातं फिरवायचं असल्यासारखा जोर लावला.

"हळू वड," मनुबाई म्हणाली. "पीठ जाड पडतंय."

त्यानं हात सैल केला आणि तिच्या चालीनं ओढू लागला.