स्थळाचा फोटो

शनिवारी सकाळी अनुजाने स्कूटी अंगणातून बाहेर काढली आणि वडिलांना हाक मारली. "बाबा, चप्पल घाला. सिविक सेंटरले जाचं आहे. एक वस्तू पारखून द्याची आहे मले."

शालिकराम पेपर वाचत होते, म्हणजे डोळ्यांपुढे धरून बसले होते. "कायची वस्तू?"

"तिथं गेल्यावर पहा ना."

पारखायची वस्तू म्हणजे मिक्सर असेल, नाहीतर कोणाची जुनी शिलाई मशीन, असं धरून ते निघाले. बहात्तराव्या वर्षी मुलीच्या मागे स्कूटीवर बसणं त्यांच्या जिवावर येई, पण नाही म्हणायची सोय नव्हती. सत्तेचाळीस वर्षांची अनुजा भिलाईजवळ हथखोजच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळते. दिवसभर ट्रक ड्रायव्हरांना वठणीवर आणणाऱ्या बाईपुढे रिटायर बापाचं काय चालणार? सिंधुताई घरी असत्या तर नवऱ्याच्या बाजूने दोन शब्द बोलल्या असत्या, पण त्या भाचीच्या लग्नाला तुमसरला जाऊन बसल्या होत्या.

सिविक सेंटरच्या बाजारातलं ते दुकान सुमंत नावाच्या एका तिशीतल्या माणसाचं होतं. पासपोर्ट फोटो, कपांवर छापलेले फोटो, मोबाईलची कव्हरं, असा सगळा संसार त्याने त्या लहानशा गाळ्यात मांडला होता. घर मूळचं दुर्गचं, मराठी. पण दुकानात बसला की त्याच्या तोंडी अर्धी हिंदीच असायची. त्याने कपाटातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"दीदी, यही है वो. दुर्गले एक जुना स्टुडिओ बंद झाला, त्यांच्या सामानात आला. अंकल, लोक शोपीस म्हणून नेतात. एक हॉटेलवाला तर रोज फोन करून राहिला."

कापड बाजूला झालं आणि शालिकराम एक पाऊल मागे सरले. चौकोनी काळी पेटी, समोर एकावर एक दोन भिंगं. याशिका कॅमेरा.

सुमंतने तो उचलून डोळ्याला लावला आणि वरच्या भिंगातून आत काही दिसतं का ते पाहू लागला. एवढं मात्र शालिकरामांना सोसवेना. त्यांनी हात पुढे करून कॅमेरा त्याच्याकडून काढूनच घेतला. "असा नाही पाहात बाबू. हा पोटाशी धराचा असते. वरून पाहाचं."

त्यांनी आधी डाव्या बाजूचा कोपरा चाचपला. त्यांच्या स्वतःच्या याशिकाला तिथे एक खोक होती. इथे नव्हती. हा तो नव्हता, आणि तो नाही म्हणून त्यांना जरा हायसं वाटलं.

त्यांचा याशिका त्यांनी एक्क्याऐंशी साली रायपूरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून जुनाच घेतला होता. तेव्हा त्यांना भिलाईच्या स्टील प्लांटात नोकरीला लागून सात वर्षं झाली होती आणि सेक्टर दोनचं क्वार्टर, जे पुढे त्यांनी लीजवर घेऊन कायमचं ठेवलं, नुकतंच मिळालं होतं. आजूबाजूला सगळे भंडारा-गोंदियाकडचे, शेती भावांवर सोपवून पोलादाच्या नोकरीला आलेले. त्यांच्या मुली भिलाईत वाढत होत्या आणि स्थळं मात्र तिकडे गावाकडेच पाहायची रीत होती. म्हणून बायोडाट्याबरोबर पाकिटात घालायला फोटो लागायचा. स्टुडिओत मुलीला रंगवलेल्या तळ्याकाठी उभं करायचे आणि इतकी पावडर लावायचे की सख्खी मावशी ओळखणार नाही. त्यापेक्षा शालिकरामांचं अंगण बरं, असं हळूहळू सगळ्या सेक्टरचं मत झालं.

ऑफच्या दिवशी, दुपार कलल्यावर, ऊन पेरूच्या झाडाआडून भिंतीवर येई तेव्हा ते फोटो काढत. सिंधुताई बाजूला पांढरी चादर ताणून धरत, म्हणजे चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूलाही उजेड पोचे. रोलमध्ये बाराच फोटो, म्हणून एका रोलला तीन मुली, प्रत्येकीला चार. मुली त्यांच्यापुढे लाजत नसत, कारण या कॅमेऱ्याने फोटो काढणारा मान खाली घालून उभा राहतो. परका पुरुष रोखून पाहतोय असं वाटतच नाही. शालिकराम कॅमेऱ्यावर वाकून, त्याच्या वरच्या काचेत पाहून सांगत, "बेटा, थोडी डावीकडं." काचेत डावं ते उजवं दिसतं, त्यामुळे कधी कधी त्यांचाच गोंधळ होई आणि मुलगी फिसकन हसे. ते हसणं ते बरोबर पकडत. लग्न जुळलं की पहिला पेढा देवापुढे आणि दुसरा शालिकरामांच्या घरी, असा सेक्टरात पायंडाच पडून गेला. चाळीसेक मुलींची लग्नं त्या अंगणातून जुळली. शालिकराम तोंडाने कधी बोलले नाहीत, पण याचा त्यांना फार अभिमान होता.

नव्याण्णव साली त्या भिंतीपाशी अनुजा उभी राहिली. तिला रायपूरला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. हे तिने आईला सांगितलं होतं, आईने शालिकरामांच्या कानावर घातलं होतं, आणि शालिकराम म्हणाले होते की फोटो पाठवायला काय हरकत आहे, फोटो पाठवला म्हणजे काही लग्न होत नाही. सिंधुताईंनी चादर धरली. शालिकरामांनी काचेवरचं बारीक भिंग उघडलं. फोकस नेहमी डोळ्यांवर करायचा, हा त्यांचा नियम. त्यांनी तो डोळ्यांवर आणला, आणि डोळे भरलेले होते. पापणीशी अडकलेलं पाणीसुद्धा स्वच्छ दिसत होतं. पण ऊन त्या घडीला फार सुरेख पडलं होतं. त्यांनी बटण दाबलं.

तो त्यांचा सगळ्यांत चांगला फोटो ठरला. डोळ्यांत काय तेज आहे हो मुलीच्या, असं लिहून वरोऱ्याच्या मुलाकडच्या लोकांनी आठवडाभरात होकार कळवला.

लग्नानंतर तीन वर्षांनी अनुजा एक बॅग घेऊन परत आली ती कायमचीच. तिकडे काय काय झालं ते शालिकरामांनी सिंधुताईंच्या तोंडून ऐकलं आणि महिन्याच्या आत याशिका विकून टाकला. कोणी विचारलं तर म्हणत, आता रोल कुठे मिळतात. अनुजा कधी एका शब्दाने त्यांना बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यांच्या मनात एकच वाक्य अडकून राहिलं होतं, 'मला दिसलं होतं' एवढंच, आणि बावीस वर्षांत ते बाहेर पडायला तयार नव्हतं.

आणि आज तिनेच त्यांना या कॅमेऱ्यापुढे आणून उभं केलं होतं. आता ही विचारणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी भीतभीत तिच्याकडे पाहिलं. ती काउंटरला टेकून शांतपणे उभी होती.

"कावून पाहिजे हा तुले?" त्यांनी विचारलं.

"मले पाहिजे. तुमी फक्त पाहा, चांगला आहे का नाही."

पाहा म्हटल्यावर त्यांचे हात आपोआप चालू लागले. सुमंतच्या मोबाईलची बॅटरी लावून त्यांनी दोन्ही भिंगांत आरपार पाहिलं. कडेला बुरशीचा एक धागा होता, पण फोटोत येणार नाही इतका बारीक. मागचं झाकण उघडलं, कडेने उजेड आत शिरू नये म्हणून लावलेलं काळं कापड बोटाने दाबून पाहिलं. मग शटर एका सेकंदावर लावलं, बाजूची दांडी फिरवली, कॅमेरा कानाशी नेला आणि बटण दाबलं. आतली चक्रं कुरकुरली आणि मध्येच थांबली. त्यांनी पुन्हा दांडी फिरवली, पुन्हा दाबलं. पाचव्या खेपेला आवाज एका दमात, अखंड आला.

"पडून राहिलं का ग्रीस जमते," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरणा झाला होता. "वापरात ठेवा लागते याले. शोपीस केला तं मरन हा."

सुमंतने हॉटेलवाल्याची भीती घालून पाहिली, शालिकरामांनी बुरशीचा धागा दाखवला, आणि सौदा दोघांनाही थोडासा बोचेल अशा ठिकाणी जमला. परतताना याशिका त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता.

घरी आल्यावर अनुजाने फ्रिजमधून एक रोल काढला. तो तिने महिन्याभरापूर्वीच ऑनलाइन मागवून ठेवला होता. धुवायला मुंबईला कुरिअरने पाठवायचा, याचीही चौकशी तिने करून ठेवली होती. शालिकरामांनी रोल भरला. कागदावरचा बाण खुणेला लावताना बोटं जराही अडखळली नाहीत.

"कोणाचा काढाचा फोटो?"

"माझा," अनुजा म्हणाली. "लहानपणचे ढीगभर आहेत. मोठी झाल्यावरचा तुमी काढलेला एकच होता. मी इकडं आली, तो तिकडंच राहिला. तो मांगाले काही मी जात नाही. दुसरा काढा."

ती जाऊन अंगणाच्या भिंतीपाशी उभी राहिली. तोच सकाळचा कुर्ता, केसांवरून हातसुद्धा फिरवला नाही. शालिकराम कॅमेऱ्यावर वाकले, भिंग उघडलं, फोकस डोळ्यांवर आणला. चष्म्याआडचे दमलेले, कडेला सुरकुत्या पडलेले डोळे त्यांच्याचकडे पाहत होते. बोट बटणावर होतं आणि ते दबेना.

"अनू," ते मान खाली घालूनच म्हणाले. वर पाहायची त्यांची हिंमत नव्हती. "त्या दिवशी तू रडून राहिली होती."

त्यांचं बोट बटणावरून खाली आलं.

"मले दिसलं होतं. भिंगात सारं दिसते. मी पाह्यलं, अन् पाहूनही बटन दाबलं."

काचेतली अनुजा हलली आणि चौकटीबाहेर गेली. काचेत नुसती भिंत उरली. घरात गेली असेल, त्यांना वाटलं, आणि जाऊ दे, तिला जायलाच पाहिजे. तेवढ्यात तिचा आवाज अगदी कानाजवळ आला.

"तुमाले दिसलं होतं?"

"हो."

"मले इतके वर्षं वाटे कोणालेच दिसलं नाही. आई चादरीमागं होती. मी म्हणे, बाबा तं फोटो पाहून राहिले, मले कुठं पाहून राहिले." तिने भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिसलं होतं तं बोलाचं होतं ना बाबा. मी त्याच्याचसाठी उभी होती तिथं. तुमी काही तरी बोलसान म्हणून."

"चुकलं माझं," शालिकराम म्हणाले. "लय चुकलं, अनू."

तिने ते खोडून काढलं नाही. असू द्या, असंही म्हणाली नाही. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग पुन्हा जाऊन भिंतीपाशी उभी राहिली.

"काढा आता."

"डोळे पूस पहिले."

"नाही पुसत. असाच काढा. हा कोणाले पाठवाचा नाही."

शालिकराम पुन्हा वाकले. काचेत सगळं धूसर झालं होतं. त्यांनी फोकस पुढे केला, मागे केला, काही उपयोग होईना. शेवटी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, आणि तरी दिसेना म्हणून परत काढला. अनुजा भिंतीपाशी तशीच उभी राहून त्यांची वाट पाहत होती.