सरावाचं दुसरं वाक्य

उकडीच्या गोळीला अंगठ्याने खळगा पाडता पाडता गारमने तो शब्द पुन्हा म्हटला, आणि पुन्हा तो बिघडला.

"नाकातून, गारम. जिभेचं टोक खालीच राहू दे," काकूने स्वतःच्या नाकावर बोट ठेवून दाखवलं. नाकाच्या शेंड्याला तांदळाचं पीठ लागलं. "आमच्याकडे आईच्या आईला अशीच हाक मारतात. ङ्वाय."

"न्वाय."

"ङ्वाय."

"ग्वाय."

काकूची आठ वर्षांची दासोल बोटावरचं तिळाचं सारण चाटता चाटता फिसकन हसली.

"हसतेस काय गं भवाने," आजी तिच्यावर डाफरली आणि मग गारमकडे वळली. "आणि तू तोंड कमी चालव, हाताकडे बघ. असे फाटक्या ओठांचे सोंगप्यॉन केलेस तर मुलगीही तशीच होईल तुला."

"मग मुलगीच नको मला, आजी."

"आधी नवरा तर शोध, मग नको म्हण."

उद्या चुसॉक, कोरियातला सुगीचा आणि पितरांचा सण. ओसरीवर सोंगप्यॉनसाठी, म्हणजे सणाच्या वाफवलेल्या करंज्यांसाठी, पिठाची परात, सारणाचे वाडगे, उकडायच्या भांड्यात पसरायला पाइनच्या हिरव्या सुया, असा सगळा पसारा मांडला होता. काका नाशपातीच्या पेट्या पोचवायला शहरात गेला होता. कोपऱ्यात आजोबा पितरांच्या ताटासाठी चेस्टनट सोलत बसले होते. सणाच्या स्वयंपाकात त्या घरातले पुरुष हात लावायचे तो एवढ्याच कामाला, आणि तेही उपकार केल्यासारखं.

पुढच्या महिन्यात गारम व्हिएतनामला निघणार होती. विद्यापीठातर्फे कान थो शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. माहितीपत्रकावर 'युद्धाच्या राखेतून उभा राहिलेला देश' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. मुलाखतीत तिला विचारलं, तुम्हीच का? आणि गारम बोलून गेली, "माझी काकू तिथलीच आहे. ती भाषा कानावर घेतच मी मोठी झाले. आमच्या घरची भाषाच आहे ती." समोरच्या तिघांनी कौतुकाने माना डोलावल्या. निवड झाली. आता पोचल्या पोचल्या स्वागताच्या कार्यक्रमात तिने त्या घरच्या भाषेत चार शब्द बोलावेत असं ठरलं होतं, आणि गारमला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं.

घरची भाषा! त्या घरात ती भाषा बंद होती. आजोबा तरुणपणी कोरियन सैन्यातून व्हिएतनामच्या त्या युद्धावर गेले होते. तिथे त्यांनी काय पाहिलं, काय केलं, ते कधी कुणाला सांगितलं नाही. पण दासोल तान्ही असताना काकू तिला मांडीवर घेऊन काहीतरी गुणगुणत होती, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठले होते. "माझ्या घरात ती भाषा नको," एवढंच म्हणाले. परत कधी म्हणावं लागलं नाही. काकूचे माहेरचे फोन तेव्हापासून नाशपातीच्या गोदामामागे होऊ लागले.

आणि आता गारमने फोनवरून अडचण सांगितल्यावर त्याच आजोबांनी हुकूम सोडला होता, "दासोलची आई, गारमला शिकव. थोरल्या नातीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"हो, बाबा," काकू म्हणाली होती.

आज सकाळी घरी आल्यावर आजीने हे सगळं कौतुकाने सांगितलं, तेव्हा गारमची कानशिलं तापली. लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ती नको म्हणाली नाही, कारण तिला जायचं होतं.

"ते राहू दे आता," काकू म्हणाली. "वाक्यं म्हण. पहिलं."

"माझं नाव गारम."

"दुसरं."

"तुमचं नाव काय?" गारमने काकूच्या डोळ्यांत बघून त्या भाषेत विचारलं.

"शेवट असा पाडायचा नाही. वर उचल."

"तुमचं नाव काय?"

"पुन्हा."

"तुमचं नाव काय?"

"हं, आता जमलं. तिसरं."

पाचही वाक्यं झाली. आजोबा सुरीवरची नजर न काढता म्हणाले, "तुझ्या आईला लाव फोन. सणाच्या शुभेच्छाही होतील आणि हिचा सरावही होईल."

काकूने हात पुसले. फोन घेतला, पण लावला नाही. "आधी हाक तरी नीट येऊ दे तिला."

"न्वाय," गारम म्हणाली.

"अगं ताई, असं नाही काही!" दासोल वैतागली. "ङ्वाय!" आणि त्या नादात ती त्या भाषेत एका दमात तीन वाक्यं बोलून गेली. ना अडखळली, ना एखादा सूर खाली पडला.

आजोबांची सुरी थांबली. काकूचा हात पोरीच्या तोंडावर जाऊन बसला होता. पण बोलून तर झालं होतं.

"मी शिकवलं तिला, आजोबा," गारम घाईने म्हणाली. "मघाशी."

"तू?" आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला अजून आजी म्हणता येत नाही."

गारमने मान खाली घातली. हातातल्या सोंगप्यॉनची कड पुन्हा उकलली होती.

"चुकलं माझं, बाबा," काकू म्हणाली. "गोदामामागे जायचो आम्ही. घरात कधी नाही. घरात एक शब्द नाही."

आजोबा बराच वेळ एकच चेस्टनट सोलत राहिले. सोलून सोलून तो वाटाण्याएवढा उरला.

"गोदामामागे वारा फार असतो," ते शेवटी म्हणाले. "इथे बसून बोला."

आजीने उठून भांड्याचं झाकण उगाच उघडलं, उगाच बंद केलं. काकूने फोन लावला.

पडद्यावर एक म्हातारा चेहरा आला. मागे निळी भिंत, बाजूला झोळीची दोरी. म्हातारीने डोळे बारीक करून पाहिलं आणि ती जोरात ओरडली, "लुआ! लुआ!"

गारमने केस सारखे केले. आपली परीक्षा सुरू झाली हे ओळखून तिने कमरेत वाकून नमस्कार केला आणि तितक्याच उत्साहाने उत्तर दिलं, "लुआ!"

म्हातारी क्षणभर गोंधळली, मग हिरड्या दिसेपर्यंत हसली. काकूही हसली, खळखळून. काकू अशी हसते हे गारमला माहीतच नव्हतं. आपलं बोलणं तिकडे समजलं म्हणून तिला बरं वाटलं. मायलेकींचं बोलणं भराभर सुरू झालं, तशी गारम दासोलच्या कानाशी वाकली.

"हा शब्द काकूने शिकवलाच नाही मला. नमस्काराचा."

"कुठला?"

"लुआ."

दासोलने तिच्याकडे पाहिलं. ताईसारखी शिकलेली मुलगी असं काय विचारते, असा तिचा चेहरा झाला.

"तो नमस्कार नाही, ताई. ते आईचं नाव आहे."

"आईचं नाव मीयॉन ना?"

"ते आजीने ठेवलेलं. लग्नानंतर."

हे दासोल काही हळू बोलली नव्हती. आजी भांड्यापाशी पाठमोरी उभी राहिली. आजोबांनी सुरी खाली ठेवली होती.

"गारम, ये, तुझी पाळी," काकूने फोन तिच्यासमोर धरला. तिचे डोळे अजून ओले होते, तोंडभर हसू होतं. "घाबरू नको. पाठ आहे ना सगळं? म्हण, पहिलं."

"माझं नाव गारम," गारम म्हणाली.

म्हातारीने मान हलवली. तिला समजलं होतं.

"छान! आता दुसरं."

गारमने फोनकडे नाही, फोन धरणाऱ्या काकूकडे पाहिलं. सकाळपासून जे वाक्य ती तिलाच पुन्हा पुन्हा विचारत आली होती, ते आता तिच्या तोंडून निघेना.

"दुसरं," काकू हळूच म्हणाली. "येतं तुला. मघाशी जमलं होतं."